पायातली तार

कप्तान जागचा हलेना, तिथून सगळं सुरू झालं. जहाज कंपनीच्या स्वागतकक्षात काचेच्या पेटीत ठेवलेलं ते जहाज या मॉडेल करणाऱ्या कारागिरानेच दोन वर्षांपूर्वी केलेलं, खऱ्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढं, आणि वर्षाकाठी एकदा पेटी उघडून धूळ काढायला तोच यायचा. ते काम दुसऱ्या कुणावर सोपवणं त्याच्या जिवावर यायचं. त्या सकाळी सुकाणूघराबाहेर उभा असलेला नखाएवढा प्लास्टिकचा कप्तान त्याला किंचित तिरका दिसला, एवढंच झालं. असा माणूस सरळ करायचा तर चिमट्यात धरून बाजूला पिळायचा. सांधा कटकन सुटतो, मग तळवा खरवडून पुन्हा लावायचा. हे त्याने आयुष्यात हजारदा केलं होतं. कप्तान पिळला गेला, पण सुटला नाही. त्याने जोर केला, तरी नाही. शेवटी वर ओढला तेव्हा दात उपटल्यासारखा तो एकदम हातात आला आणि त्याच्या डाव्या बुटाखाली केसाएवढी पितळी तार चकाकली. डेकवर, तो उभा होता त्या जागी, तेवढंच बारीक भोक होतं. त्याने भिंग लावून पाहिलं. भोक सफाईने पाडलेलं, काठावर कचरा नाही, तार कापलेली तीही एका मापाची. काम करणारा घाईत नव्हता. याने स्वतः उभ्या जन्मात माणसाच्या पायात तार घातलेली नव्हती, आणि ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

“काही मोडलं का हो?” रिसेप्शनवरच्या बाईंनी टेबलाआडून विचारलं.

“छे. धूळ आहे जरा.”

“मध्ये तुमचे पार्टनर येऊन गेले ना, तेव्हा अगदी चकाचक झालं होतं. सोबत त्या बाई होत्या. अख्खी दुपार बसले होते दोघं. चहाला म्हटलं तर उठलेसुद्धा नाहीत.”

“हो,” तो म्हणाला. “मीच पाठवलं होतं.”

हे खोटं इतकं पटकन तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मग त्याने उरलेल्या चाळीसही माणसांना एकेक करून चिमटा लावला. खलाशी, स्वयंपाकी, दोर ओढणारे तिघे, कठड्याला टेकून सिगारेट ओढणारा एक आळशी. एकही हलला नाही. एकेचाळीस माणसं, एकेचाळीस तारा. त्याने कप्तानाला परत त्याच्या भोकात बसवलं, पेटी बंद केली, वहीत सही केली आणि तो रस्त्यावर आला. पार्टनर म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. ते एक वेळ समजू शकतो. पण बाई कोण?

वर्कशॉपपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. त्या दिवशी तो चाळीस मिनिटं चालला, कारण मध्येच थांबून तो दुकानांच्या काचांत आपल्या मागे कोण येतंय ते पाहत होता. कुणीही येत नव्हतं. माणूस एकदा शंका घ्यायला लागला की रिकामा रस्ताही त्याला मुद्दाम रिकामा केल्यासारखा वाटतो. त्यातून याचा स्वभाव मुळातच संशयी. घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहणारा, आणि ओढताना शेजाऱ्याने पाहिलं तर चौथ्यांदा ओढणारा. बाई कोण याचं उत्तर त्याने दुसऱ्या चौकातच काढलं होतं. मेहुण्याने कुणी नवी कारागीर बाई पाहून ठेवली आहे. तिला हात बसावा म्हणून जुन्या कामांवर बसवतो आहे. आधी ती याची माणसं काढणार, तारेवर उभी करणार, मग एक दिवस मेहुणा गोड आवाजात म्हणणार, दाजी, आता तुम्ही आराम करा.

मॉडेल करणाऱ्यांच्या धंद्यात माणसं चिकटवणं हे सगळ्यांत हलकं काम समजतात. इमारत उभी झाली, जहाज तरंगलं, झाडं लागली की शेवटी दोन-चार दिवस माणसं पेरायची. पण याने सबंध नाव कमावलं ते त्या हलक्या कामावर. ही माणसं पाकिटात तयार मिळतात, शंभराचं एक पाकीट, मऊ, मेणकट प्लास्टिकची. बादल्या-डब्यांचं असतं त्या जातीचं प्लास्टिक. इमारतीचं कडक प्लास्टिक द्रावणाचा एक थेंब लावला की विरघळतं आणि दुसऱ्याशी एकजीव होतं. त्यात काही कौशल्य नाही. हे मेणकट मात्र कुणालाच जवळ करत नाही. कुठलंही द्रावण लावा, ते ढिम्म. झटपट गोंद लावा, आज धरल्यासारखा वाटतो आणि दोन महिन्यांनी नखाने सुटतो. म्हणून बाकीचे लोक भोकं पाडून तार घालतात. याचा रिवाज वेगळा. माणसाचा तळवा बारीक कानशीने खरवडायचा, स्पिरिटच्या दिव्याची ज्योत त्याला निमिषभर दाखवायची, इतकी थोडी की बूट वितळू नये आणि इतकी पुरेशी की वरचा मेणचटपणा मरावा, मग गोंद धरावा म्हणून आधी लावायच्या प्रायमरचा एक हात, मग गोंदाचा टिपूस, आणि श्वास रोखून वीस आकडे. असा उभा केलेला माणूस ट्रकमधून चारशे मैल गेला तरी पडत नाही. तार म्हणजे खिळा ठोकणं, असं तो म्हणायचा. ज्याला जोडता येत नाही तो ठोकतो.

आणि हा प्रायमर कोणता, हे त्याने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी बायकोच्या शब्दाखातर मेहुण्याला भागीदार करून घेतलं, त्याच संध्याकाळी त्याने आपल्या पाचही बाटल्यांची लेबलं पाण्यात भिजवून खरवडून काढली होती. पाच सारख्या तपकिरी बाटल्या, सारखी बुचं. एकीला पिकल्या केळ्याचा वास, दुसरीला नखांचा रंग पुसायच्या औषधाचा, तिसरी गोडसर आणि डोकं चढवणारी, चौथी रबरासारखी, आणि प्रायमर म्हणजे पेट्रोलमध्ये काहीतरी कुबट पडल्यासारखा. बूच उघडायचीही गरज नसायची, नुसती बाटली नाकाजवळून नेली की झालं. मेहुणा पहिल्या आठवड्यात म्हणाला होता, “दाजी, यांच्यावर नावं तरी लिहू या. चुकून काहीतरी भलतंच व्हायचं.” तेव्हा हा हसून म्हणाला होता, “माझं नाक आहे ना.”

तीन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. नऊ दिवसांनी उतरला. दहाव्या दिवशी बायकोने दुधाचा पेला पुढे केला आणि पिता पिता त्याच्या लक्षात आलं की आपण नुसतं गरम काहीतरी पितो आहोत. जिभेला गोड कळत होतं, पण दूध कळत नव्हतं. त्याने साबण हुंगला, आपला शर्ट हुंगला, न्हाणीघरात जाऊन केसांच्या तेलाची बाटली हुंगली. घर धुऊन पुसून कुणीतरी परत दिल्यासारखं झालं होतं. तो खूप घाबरला, आणि ही भीती त्याने कुणाला सांगितली नाही. वर्कशॉपमध्ये गेला तो बाटल्यांसमोर उभाच राहिला. पाच सारख्या तपकिरी बाटल्या. चोर येईल म्हणून किल्ली लपवावी आणि आपल्यालाच सापडू नये, तशातली गत. मग त्याने युक्ती काढली. प्रत्येकीतला थेंब प्लास्टिकच्या तुकड्यांवर टाकला. एकीने कडक प्लास्टिक झटकन वितळवलं, एकीने सावकाश, एकीने नुसतं धुरकट केलं, चौथीने वेगळ्याच जातीचा तुकडा धरला. जी कशालाच काही करत नाही, नखावर टाकली की गार लागते आणि उडून जाते, ती प्रायमरची. त्याने प्रत्येकीच्या बुडाला कानशीने खुणा केल्या, एक रेघ, दोन रेघा, आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मग मेहुण्यासमोर बाटली नाकाशी नेऊन डोळे मिटायचं नाटक तो पूर्वीसारखंच करू लागला, जरा जास्तच.

बायकोलाही त्याने कळू दिलं नव्हतं. पण गेली दोन-तीन वर्षं ती काहीबाही विचारायची. “अहो, गॅसचा वास येतोय का बघा.” “काही करपतंय का?” तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर द्यायचा. कधी हो, कधी नाही. बरोबर आलं की चूक, हे ती कधी सांगायची नाही, नुसती मान हलवायची. आता, त्या चाळीस मिनिटांच्या चालण्यात, हे सारे प्रश्न त्याला एकामागून एक आठवले आणि त्यांतला एकही सरळ वाटेना. घरातली इतकी वर्षं एकदम परकी झाली. दर रविवारी ती आपल्या आईकडे जाते, म्हणजे मेहुण्याच्याच घरी. तिथे बहीणभावांचं काय बोलणं होत असेल?

तो वर्कशॉपमध्ये पोचला तेव्हा मेहुणा बंदराच्या मॉडेलवर वाकलेला होता. त्याच जहाज कंपनीने दिलेलं काम, खोलीभर लांबीचं: धक्के, माल उचलणाऱ्या याऱ्या, गोदामं, आणि चारशे दहा माणसं. इतकी माणसं त्याने एका कामात कधी लावली नव्हती.

“काय दाजी, उशीर झाला? सगळं ठीक होतं ना तिकडे?”

“ठीक म्हणजे? का नसावं?”

“नाही, आपलं सहज.” मेहुण्याने कानस खाली ठेवली, पुन्हा उचलली. “एक विचार होता. माणसं यंदा बाहेर करायला देऊ या का? चारशे म्हणजे फार होतात. तुम्ही याऱ्या बघा. याऱ्यांना तुमच्यासारखा हात नाही.”

“माणसं मी लावतो,” तो म्हणाला. “पहिल्यापासून मीच लावतो.”

मेहुणा पुन्हा बंदरावर वाकला. ते ‘बाहेर करायला देऊ या’ याच्या मनात दिवसभर घोळत राहिलं. माणसं काढून घेतली की आपल्याकडे काय उरतं, याचा हिशेब सोपा होता. याऱ्या कुणीही करतं. नाव होतं ते माणसांचं. लोक पेटीवर वाकून म्हणायचे, ही उभी कशी आहेत हो, आणि तो गप्प राहून हसायचा. ते हसू गेलं की मग सकाळी वर्कशॉपला यायचंच कशासाठी?

शनिवारी त्याने सापळा लावला. पूर्वेच्या धक्क्यावर पन्नास माणसं उभी केली, त्रेचाळीस आपल्या रीतीने आणि सात नुसत्या ओल्या साबणाच्या ठिपक्यावर. फुंकर मारली तर पडतील अशी. कुठली सात, ते फक्त त्याला ठाऊक. हमालांचा मुकादम, छत्रीवाली बाई, सायकल धरून उभा असलेला एक, असे. घरी जाताना दाराला कुलूप लावलं, तीनदा ओढलं. रविवारी बायको आईकडे गेली. जाताना तिने रंगाची पेटी पिशवीत टाकलेली त्याने पाहिली. पाकिटातली माणसं पांढरीफटक येतात, त्यांना कपडे रंगवायचं काम तीच करायची, घरबसल्या, पहिल्यापासून. आईकडे रंगाची पेटी कशाला, हा प्रश्न त्याने जिभेवर आणून गिळला. सोमवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला आणि मुकादमाला बोटाने ढकललं. मुकादम हलला नाही. छत्रीवाली बाई हलली नाही. सायकलवाल्याला ओढून काढला तेव्हा त्याच्या टाचेखाली केसाएवढी तार होती. त्याला राग यायला हवा होता, पण आधी बरं वाटलं. आपण वेडे नाही, एवढं तरी नक्की झालं.

तो आठवडा त्याने मुकाट्याने काढला. मेहुण्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, बायकोने केलेलं जेवण वाखाणलं. तो वाखाणत असताना तिने वर पाहिलं, तेवढ्यापुरतं. पुढच्या रविवारी ती बाहेर पडली, तसा अर्ध्या तासाने तोही निघाला. वर्कशॉपचं कुलूप काढलेलं होतं. दार नुसतं लोटलेलं. आत दिवा लागला होता आणि बंदराच्या दोन बाजूंना दोघं बसली होती: मेहुणा, हातात सुईएवढं ड्रिल घेऊन; आणि समोर, कपाळावर त्याचंच जुनं भिंग चढवून, त्याची बायको. तिच्यापुढे वाटीत तारेचे तुकडे होते. ती एक माणूस आडवा धरून त्याच्या पायात तार बसवत होती आणि तोंडाने भावाला सांगत होती की आईच्या चष्म्याचं अजून बघायचं राहिलंय. स्वयंपाकघरात बोलावं तसं. याने मनात पाहिलेली ती परकी कारागीर बाई तिथे नव्हती, आणि असती तर फार बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

मेहुणा उभा राहिला. “दाजी.”

“बस,” तो म्हणाला. “किती दिवस चाललंय?”

दोघं एकमेकांकडे पाहायला लागली. मग तीच बोलली. “त्या शाळेच्या मॉडेलपासून. अडीच-एक वर्षं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फोन आला, पटांगणातली सगळी मुलं पडलीत म्हणून. आम्ही जाऊन लावली. त्यानंतर प्रत्येक कामाची लावतो.”

“आणि मला सांगायचं नाही.”

“काय सांगायचं होतं?”

“माझे सांधे सुटतात, हे.”

“तुम्ही तरी कुठे सांगितलंत,” ती शांतपणे म्हणाली. “नाकाचं.”

तो स्टुलावर बसला. तीन वर्षं केलेलं डोळे मिटण्याचं नाटक या दोघांनी तीन वर्षं समोर बसून पाहिलं होतं, आणि टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. लाजेने त्याचे कान तापले. “कधी कळलं तुला?”

“तापातून उठलात त्याच आठवड्यात. दूध नासलं होतं, तुम्ही पिऊन टाकलंत. मग मी डॉक्टरांना जाऊन भेटले. ते म्हणाले, नाक परत येईल, वर्षभर लागेल, पण त्या उग्र वासांपासून लांब ठेवा. तुम्ही लांब राहणार होतात का?” तिने भिंग कपाळावरून काढून टेबलावर ठेवलं. “म्हणून मी ती बाटली बदलली.”

“कुठली?”

“प्रायमरची. सगळ्यांत घाण ती. त्यात इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात ना, ते स्पिरिट भरलं. बाकीच्यांना हात लावला असता तर तुम्हाला लगेच कळलं असतं, प्लास्टिक विरघळलं नसतं. हिचं काम डोळ्यांना दिसत नाही.”

“लेबल नसताना तुला कशी सापडली?”

“पंचवीस वर्षं तुमचे शर्ट धुतेय मी.”

त्याने फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं. त्याच्या आत काहीतरी वर येत होतं आणि ते राग नव्हता, हे कळून तो चकित झाला. तो आनंद होता. स्पिरिट. उडून जाणारं, नखाला गार लागणारं, कशालाच काही न करणारं स्पिरिट. त्याने खरवडलं होतं ते बरोबर, ज्योत दाखवली ती बरोबर, वीस आकडे मोजले ते बरोबर. बाटलीच खोटी होती. हात खोटा नव्हता. गेल्या महिन्यात ज्योतीपुढे धरलेल्या माणसाचा बूट वितळला होता, परवा चिमटा दोनदा निसटला होता, त्याकडे त्याने बघितल्यासारखं करून बघितलं नव्हतं. पण आता त्याचंही काही वाटायचं कारण नव्हतं. त्याला बायकोला रागे भरावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. आपला संशय खरा ठरला याचंही बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

“म्हणजे चूक स्पिरिटची,” तो म्हणाला. “तीन वर्षं मी स्पिरिटवर माणसं उभी करतोय. कुणीही केली असती तरी पडलीच असती.”

“पण ताई,” मेहुणा बोलून गेला, “ते तर तू वर्षभरानं परत...”

बायकोने भावाकडे नुसतं पाहिलं. मेहुण्याने वाक्य तिथेच टाकलं आणि वाटीतले तारेचे तुकडे बोटाने सारखे करू लागला, जसे काही ते सारखे करणं फार निकडीचं होतं.

ते अर्धं वाक्य त्याच्यापुढे उघडं पडून राहिलं. वर्षभर लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. वर्ष सरलं, नाक काही आलं नाही. मग बाटली बदलून ठेवण्यात अर्थ काय? वर्षभरानं तिने खरा प्रायमर परत भरला असेल तर जहाजावरची एकेचाळीस माणसं खऱ्या प्रायमरवर उभी केलेली होती. पूर्वेच्या धक्क्यावरची त्रेचाळीसही. आणि तरी त्यांच्या पायांत तारा घालाव्या लागल्या.

“आत्ता काय आहे हिच्यात?” त्याने फळीवरून तीन रेघांची, प्रायमरची बाटली काढली. “आज, या घडीला?”

“स्पिरिट,” ती म्हणाली.

“नक्की?”

“मीच भरते ना. स्पिरिटच आहे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहायचा तसंच पाहिलं, पण आज त्या चेहऱ्यावरून त्याला काही उचलता येईना. तिने नजर काढून घेतली नाही. तिच्या बोटाच्या टोकाला तार टोचून रक्ताचा ठिपका आला होता आणि तो तिने पुसलाही नव्हता. मेहुणा दोन हातांच्या अंतरावर होता. त्याचं नाक शाबूत होतं. बूच काढायचं आणि बाटली त्याच्या नाकाखाली धरायची, एवढंच करायचं होतं. पेट्रोल की दवाखाना, एका शब्दाचं काम. मग हात गेला की नाही, ते कायमचं कळलं असतं. जन्मभर त्याने प्रत्येक गोष्ट तपासून घेतली होती. त्याचा अंगठा बुचावर गेला, आणि मेहुण्याने, आता आपल्याला विचारणार असं जाणून, मान खाली घातली.

“दाजी, बघू का मी?” तो अगदी हळू म्हणाला.

“राहू दे,” तो म्हणाला. “ती सांगतेय ना.”

त्याने बाटली होती तिथे ठेवली, स्टूल ओढून बायकोच्या शेजारी बसला आणि वाटीतली एक तार उचलली. ती एकदा निसटली, दुसऱ्या खेपेला चिमटीत आली. तिने माणूस आडवा करून त्याच्यापुढे धरला.